नाव एकच, सायकली अनेक : स्पेशलाइज्ड स्टम्पजंपरच्या शाखा कशा फुटल्या आणि पुन्हा कशा जोडल्या गेल्या

‘स्पेशलाइज्ड स्टम्पजंपर, उत्तम स्थितीत, विकणे आहे.’ जाहिरातीत एवढंच लिहिलेलं असेल, तर सायकल नेमकी कशी आहे हे अजिबात कळत नाही. ती १९८३ ची स्टीलची, कसलंही सस्पेन्शन नसलेली सायकल असू शकते. २०१४ ची कार्बनची आणि फक्त पुढे सस्पेन्शन असलेली शर्यतीची सायकलही असू शकते. २०२१ ची असेल तर तिचं मागचं चाक १३० मिमी वर सरकतं, आणि नावाला ‘इव्हो’ जोडलेलं असेल तर १५० मिमी. २०२४ मध्ये आलेल्या पिढीत तोच आकडा १४५ आहे. या सगळ्यांच्या नळीवर नाव एकच.

स्पेशलाइज्डच नव्हे, बहुतेक जुन्या माउंटन बाइक कंपन्यांच्या यादीत हा गोंधळ आहे. पण स्टम्पजंपर १९८१ पासून विकली जाते आहे, म्हणून तिच्यात तो सगळ्यात स्पष्ट दिसतो. नाव कायम राहतं आणि त्याखालची सायकल बदलत जाते. एकाच सायकलीकडून दोन परस्परविरोधी कामं मागितली गेली की मॉडेलला शाखा फुटते. तंत्र सुधारून ती दोन्ही कामं एका फ्रेममध्ये बसू लागली की शाखा पुन्हा जोडली जाते. ही फूट आणि जोड कुठे, कशामुळे झाली ते कळलं की कोणत्याही वर्षाची यादी वाचता येते.

आधी चार मापं

पहिलं माप ट्रॅव्हल. दगडावर आदळल्यावर चाक किती मिलिमीटर वर सरकू शकतं, ते. पुढचं आणि मागचं ट्रॅव्हल वेगवेगळं असू शकतं. मागे सस्पेन्शनच नसेल तर ती हार्डटेल.

दुसरं हेड अँगल. हँडल ज्या नळीत फिरतं ती नळी जमिनीशी जो कोन करते, तो. ७१ अंश म्हणजे नळी बरीच उभी, ६४ म्हणजे बरीच कललेली. या सहा-सात अंशांनी सायकलचा स्वभाव पालटतो. हँडल फिरण्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला एका ठिकाणी मिळते, आणि चाक जमिनीला टेकतं तो बिंदू तिच्या मागे असतो. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. २६ इंची चाक, ७१ अंशांचा कोन आणि ३८ मिमी ऑफसेटचा फोर्क (फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, ऑफसेट म्हणजे चाकाचा आस त्या रेषेच्या जेवढा पुढे असतो ते अंतर) असा हिशेब केला तर ट्रेल सुमारे ७५ मिमी येतो. २९ इंची चाक, ६४.५ अंश आणि ४४ मिमी ऑफसेट धरला तर तो सुमारे १२८ मिमी होतो. ट्रेल जास्त असला की चाक आपणहून सरळ राहू पाहतं, त्यामुळे खडकाळ उतारावर हँडल हातातून हिसकलं जात नाही. पण तीच सायकल तीव्र चढावर सावकाश चढवताना पुढचं चाक इकडेतिकडे कलंडू लागतं. उतार आणि चढ यांचं भांडण इथून सुरू होतं, आणि मॉडेलांच्या यादीतल्या बहुतेक फाटाफुटी याच भांडणातून झालेल्या आहेत.

तिसरं रीच. पेडलांच्या आसावरून सरळ वर रेषा काढा. तिथपासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. पेडलांवर उभं राहून चालवताना सायकल लांब वाटेल की आखूड, हे यावरून ठरतं. चौथं माप मागच्या शॉकचं, म्हणजे मागच्या चाकाचा धक्का शोषणाऱ्या नळकांड्याचं. ते २१०×५५ असं लिहितात : पहिला आकडा शॉकची पूर्ण लांबी, दुसरा तो किती दबतो ते, म्हणजे स्ट्रोक. १५० मिमी ट्रॅव्हलच्या फ्रेममध्ये ५५ मिमी स्ट्रोकचा शॉक असेल, तर शॉक १ मिमी दबताना चाक सरासरी २.७ मिमी सरकतं. या गुणोत्तराला लिव्हरेज रेशो म्हणतात. ते जितकं मोठं, तितकी शॉकमध्ये हवा जास्त भरावी लागते आणि शॉकच्या आतल्या भागांवर ताण वाढतो.

उसन्या सुट्या भागांची सायकल

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण माउंट तमालपाइसच्या कच्च्या वाटांवरून जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली उतरवत असत. या सायकली तीस-चाळीसच्या दशकातल्या होत्या आणि त्या वापरापुढे टिकत नव्हत्या. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम फ्रेम घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेम वापरून सायकली विकायला सुरुवात केली. सायकली उत्तम होत्या, पण एकेक हाताने घडवायची असल्यामुळे महाग आणि मोजक्याच.

माइक सिनयार्ड यांची स्पेशलाइज्ड ही कंपनी १९७४ पासून इटलीहून सायकलींचे सुटे भाग मागवून विकत होती. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःचा टायर काढला. रिची यांच्या फ्रेमचा नमुना समोर ठेवून टिम नीनन यांनी आखणी केली, उत्पादन जपानमध्ये झालं आणि १९८१ मध्ये ७५० डॉलरला स्टम्पजंपर बाजारात आली. मोठ्या प्रमाणावर कारखान्यात बनलेली पहिली माउंटन बाइक म्हणून ती ओळखली जाते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातही एक ठेवलेली आहे.

त्या सायकलचे सुटे भाग पाहण्यासारखे आहेत. माउंटन बाइकचे म्हणून भाग तेव्हा बनतच नव्हते, त्यामुळे सगळं उसनं आणलेलं. फ्रेंच टूरिंग सायकलींचा टीएचा तीन चकत्यांचा क्रँक (पेडलांचे दांडे आणि त्यांना जोडलेल्या चेनच्या चकत्या), मफाकचे कँटिलिव्हर ब्रेक, मोटारसायकलसाठी बनलेले मागुराचे ब्रेक लिव्हर, सनटूरचे गिअर. पुढे तीन आणि मागे पाच, असे एकूण पंधरा. यातली प्रत्येक निवड सकारण होती. चढावर हलका गिअर हवा, तो फक्त टूरिंगच्या क्रँकमध्ये मिळत होता. लांब उतारावर बोटं दुखू नयेत म्हणून लांब लिव्हर हवा, तो मोटारसायकलला होता.

पहिली फूट किमतीची, दुसरी कामाची

ऐंशीच्या दशकात यादी वाढली ती फक्त किमतीच्या दिशेने. आधी स्वस्तातली स्टम्पजंपर स्पोर्ट आली, पुढे रॉकहॉपर आणि तिच्याही खाली हार्डरॉक. काम सगळ्यांचं एकच होतं. फरक होता तो नळ्यांच्या दर्जात आणि सुट्या भागांत. रॉकहॉपर आजही यादीच्या खालच्या पायरीवर टिकून आहे. चांगल्या फ्रेमवर बेताचे भाग लावायचे, हे तिचं सूत्रही फारसं बदललेलं नाही.

याच काळात क्रॉसकंट्री शर्यती वाढल्या. शर्यत चढावर जिंकली जाते, म्हणून कोन उभे होत गेले. नव्वदच्या सुरुवातीला हेड अँगल ७१ आणि सीट ट्यूबचा, म्हणजे सीट ज्या नळीवर बसते तिचा, कोन ७३ हे जवळपास ठरून गेलं होतं. हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम १३० मिमी किंवा त्याहून लांब असे. १९९० मध्ये अमेरिकेत डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि स्पेशलाइज्डकडून उतरलेल्या नेड ओव्हरएंड यांनी क्रॉसकंट्रीचं विजेतेपद मिळवलं. साहित्याचे प्रयोगही याच सुमाराचे. धातूच्या जोडांत कार्बनच्या नळ्या चिकटवलेली स्टम्पजंपर एपिक आली, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेली एम-२ ही मिश्र धातूची फ्रेमही. ‘एपिक’ हे नाव तेव्हा स्टम्पजंपरचंच शेपूट होतं, हे लक्षात असू द्या. ते पुढे स्वतंत्र होतं.

खरी फूट पडली ती मागच्या सस्पेन्शनमुळे. १९९३ मध्ये स्टम्पजंपर एफएसआर आली. तिच्या मागच्या भागाची रचना एएमपी रिसर्चच्या हॉर्स्ट लायटनर यांची होती.

ती रचना नीट समजून घेऊ. सगळ्यात सोप्या मागच्या सस्पेन्शनमध्ये एकच सांधा असतो. क्रँकच्या वर फ्रेमला एक बिजागर, तिथून मागे जाणारा एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला चाक. यात चाक त्या बिजागराभोवती ठरलेल्या वर्तुळातच फिरतं. शिवाय ब्रेकचा कॅलिपर त्याच दांड्यावर असल्यामुळे ब्रेक दाबला की चाकाचा पीळ थेट दांड्यात जातो. नेमकं दगडांवर ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा सस्पेन्शन आखडतं. लायटनर यांनी मागच्या आसाच्या किंचित पुढे आणि खाली, चेनस्टेवर, म्हणजे क्रँककडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, आणखी एक सांधा घातला. आता चाकाचा आस आणि ब्रेक दोन्ही वरच्या तुकड्यावर, म्हणजे सीटस्टेवर आले. हा तुकडा मुख्य फ्रेमला थेट जोडलेला नसून दुव्यांमार्फत जोडलेला असतो. चाकाचा मार्ग, चेनच्या ओढीचा परिणाम आणि ब्रेकचा परिणाम हे तिन्ही यामुळे बऱ्याच अंशी वेगवेगळे जुळवता येतात. एवढ्या एका सांध्याला सायकलवाले हॉर्स्ट लिंक म्हणतात.

स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये त्याचं पेटंट विकत घेतलं. नंतर बरीच वर्षं अमेरिकेत विकायचं तर इतर कंपन्यांना एकतर परवाना घ्यावा लागे किंवा तो सांधा आसाच्या वर, सीटस्टेवर सरकवावा लागे. त्या काळातल्या इतर कंपन्यांच्या अनेक सायकली वरवर अशाच दिसतात, पण मागचा सांधा आसाच्या वर असतो. गुणधर्माने त्या एकाच बिजागराच्या सायकलींसारख्या वागतात. पेटंटची मुदत २०१०च्या दशकाच्या मध्याआधी संपली आणि ही रचना सगळीकडे दिसू लागली.

ब्रेन, आणि त्यामागचा हेतू

सस्पेन्शन आलं आणि एका सायकलीत दोन गिऱ्हाइकं सांभाळणं अवघड झालं. शर्यतवाल्याला पेडल मारताना सायकल जराही दबायला नको होती. उताराच्या शौकिनाला जास्त ट्रॅव्हल आणि कललेला कोन हवा होता. ट्रॅव्हल वाढवायचं तर दुवे, नळ्या आणि फोर्क सगळंच दणकट करावं लागतं, म्हणजे वजन वाढतं. मधला मार्ग तेव्हा नव्हता. म्हणून १९९९ मध्ये जास्त ट्रॅव्हलची एन्ड्युरो निघाली, पाठोपाठ निव्वळ उताराच्या शर्यतीसाठी डेमो, आणि दुसऱ्या टोकाला २००३ ची एपिक.

एपिकमधला ब्रेन नावाचा झडपेचा संच त्या काळातली सगळ्यात कल्पक गोष्ट. मागच्या आसाजवळ एका नळकांड्यात पितळेचं वजन स्प्रिंगवर बसवलेलं असतं आणि ते तेलाची वाट अडवून धरतं. वरून पेडलचा जोर आला तरी वाट बंदच राहते, म्हणजे सस्पेन्शन जवळपास कुलूपबंद. खालून दगड लागला की नळकांडं झटक्यात वर उचललं जातं आणि पितळेचं वजन जडत्वामुळे जागीच राहतं. एसटीने अचानक वेग घेतला की उभा प्रवासी मागे राहतो, तसंच. वजन मागे राहिलं की भोकं उघडी पडतात, तेल वाहतं आणि शॉक दबतो. जोर शरीराचा आहे की जमिनीचा, हे कुठल्याही विजेशिवाय ओळखणारी ही यंत्रणा आहे.

तिचे तोटेही याच रचनेतून येतात. झडप उघडण्याआधी एक बारीकसा ठोका जाणवतो. शॉक आणि मागचं नळकांडं यांना जोडणारी तेलाची नळी असते, तिच्या जोडातून गळती होऊ शकते. दुरुस्तीला या कामाची खास अवजारं आणि माहिती लागते, नेहमीच्या दुकानात ते होत नाही. आणि शॉक कायमचा गेला तर बाजारातला साधा शॉक तिथे सहजी बसत नाही.

तरीही एपिकने काम केलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावी यांनी २९ इंची एपिकवर सुवर्णपदक मिळवलं. मागे सस्पेन्शन असलेली सायकल क्रॉसकंट्रीत चढावर मार खाते, ही समजूत त्यानंतर फारशी उरली नाही.

या सगळ्या काळात स्टम्पजंपर मध्यावर उभी होती, आणि एका नावाखाली दोन सायकली विकल्या जात होत्या. हार्डटेलला नुसतं स्टम्पजंपर म्हणत आणि मागे सस्पेन्शन असलेलीला स्टम्पजंपर एफएसआर. हार्डटेलला एपिक हार्डटेल हे नाव २०१७ च्या सुमारास मिळालं. त्याआधीची सायकल घेत असाल तर ‘एफएसआर’ ही अक्षरं आहेत का ते आधी पाहा.

चाकं मोठी झाली, पण उशिरा

२९ इंची चाकं दगडावरून सहज जातात हे २००० च्या दशकातच माहीत होतं. मग जास्त ट्रॅव्हलच्या सायकलींना ती लवकर का बसली नाहीत? अडचण जागेची होती. मोठं चाक वर सरकलं की सीट ट्यूबला आणि पुढच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाला) घासतं. ते टाळायला चेनस्टे लांब करावे लागत आणि लांब चेनस्टेची सायकल अरुंद वळणात जड वाटते. २०१३ च्या एन्ड्युरो २९ मध्ये १५५ मिमी ट्रॅव्हल असूनही चेनस्टे ४३० मिमीवर ठेवले होते, तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

नेमक्या त्याच सुमारास, २०१२ मध्ये, स्रॅम या सुट्या भागांच्या कंपनीने पुढे एकच चकती असलेला अकरा गिअरचा एक्सएक्स-१ संच आणला. पुढचा डिरेलर गेला आणि ती जागा मोकळी झाली. सीट बटणाने खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट याच काळात सर्रास झाला. उतारावर सीट खाली जाऊ लागल्यामुळे सीट ट्यूब ७६-७७ अंशांपर्यंत उभी करणं शक्य झालं. उभ्या सीट ट्यूबमुळे चढावर वजन पुढे राहतं, म्हणून हेड अँगल कलवला तरी पुढचं चाक जागेवर टिकतं. रीच वाढली, स्टेम ४०-५० मिमीवर आला. चढ आणि उतार यांचं जुनं भांडण मिटवण्याचं बरंचसं श्रेय सस्पेन्शनला दिलं जातं, पण त्यातला मोठा वाटा ड्रॉपर पोस्टचा आणि एका चकतीचा आहे.

मापांची पद्धतही यातूनच बदलली. आधी स्मॉल, मीडियम, लार्ज ही मापं सीट ट्यूबच्या उंचीवर ठरत. सीट खाली-वर होऊ लागल्यावर ती उंची तितकी महत्त्वाची राहिली नाही. स्पेशलाइज्डने आधी स्टम्पजंपर इव्हो आणि पुढे एन्ड्युरोवर एस-१ ते एस-६ अशी मापं आणली. ही मापं रीचवर ठरतात. एस-४ ची रीच स्टम्पजंपरमध्ये सुमारे ४७५ मिमी आहे. उंची जुळत असेल तर शेजारच्या दोन मापांपैकी कोणतंही घेता येतं. छोटं माप चपळ, मोठं माप स्थिर.

शाखा पुन्हा जोडल्या जातात

मध्यंतरी कॅम्बर नावाची कमी ट्रॅव्हलची ट्रेल बाइक (इथे ट्रेल म्हणजे डोंगरातली वाट, वरचं माप नव्हे) निघाली होती, एपिक आणि स्टम्पजंपर यांच्या मधल्या जागेसाठी. २०१८ मध्ये नवी स्टम्पजंपर आली तेव्हा कॅम्बर बंद झाली आणि तिची जागा ‘स्टम्पजंपर एसटी’ या कमी ट्रॅव्हलच्या आवृत्तीने घेतली. ही २०१८ ची पिढी, म्हणजे २०१९ चं मॉडेल, वापरणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तिच्या आधी शॉक एका लांब, दुबेळक्यासारख्या दुव्याला कंपनीच्या खास जोडाने जोडलेला असे. त्याला योक म्हणतात. योकमुळे शॉकवर आडवा ताण येतो, त्याचा दांडा लवकर झिजतो आणि कॉइल स्प्रिंगचा शॉक लावला तर दांडा मोडण्याचा धोका असतो. २०१९ च्या मॉडेलपासून बाजारात सहज मिळणारा मेट्रिक मापाचा शॉक बसू लागला. प्रेसने बसवायच्या बॉटम ब्रॅकेटऐवजी (बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँकच्या आसाची बेअरिंग) आट्यांचा बॉटम ब्रॅकेटही परत आला. वापरलेली स्टम्पजंपर घ्यायची असेल तर जमल्यास या पिढीपासून पुढची घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२०२१ च्या मॉडेलला पुन्हा फूट पडली. साधी स्टम्पजंपर मागे १३० आणि पुढे १४०, इव्हो मागे १५० आणि पुढे १६०. साध्या स्टम्पजंपरच्या कार्बन फ्रेममधून हॉर्स्ट लिंकचा सांधाच काढून टाकला. ट्रॅव्हल कमी असलं की त्या जागी फिरण्याचा कोन फार थोडा असतो, तेवढं काम कार्बनच्या सीटस्टेचं लवचिक वाकणं करतं. बेअरिंग आणि बोल्टचं वजन वाचतं, देखभाल कमी होते. ट्रॅव्हल वाढलं की मात्र वाकण्याचा कोन वाढतो, म्हणून इव्होमध्ये सांधा ठेवावाच लागला. इव्होमध्ये हेडसेटचा, म्हणजे हँडलच्या नळीतल्या बेअरिंगचा, वरचा कप फिरवून हेड अँगल एका अंशाने कमी-जास्त करता येतो, आणि मागच्या सांध्यातल्या चिपने (उलटून बसवायच्या लहान तुकड्याने) बॉटम ब्रॅकेटची उंची बदलता येते. फोर्क उतरवून करायचं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते केल्यावर हेडसेट पुन्हा नीट आवळला नाही तर ब्रेक दाबताच टकटक ऐकू येते.

खरं सांगायचं तर ही विभागणी लोकांना पटली नाही. १३० मिमीची सायकल हलकी आणि सुरेख होती, पण ट्रेलवाले इव्होकडे वळले आणि शर्यतवाले एपिककडे. २०२४ मध्ये पंधराव्या पिढीची, म्हणून स्टम्पजंपर १५ या नावाची, एकच सायकल आली. मागे १४५, पुढे बहुतेक आवृत्त्यांत १५०, हेड अँगल मधल्या स्थितीत ६४.५ आणि हॉर्स्ट लिंक परत. दोघींचं काम एकीत बसवणारा भाग म्हणजे फॉक्स या सस्पेन्शन बनवणाऱ्या कंपनीबरोबर बनवलेला जिनी शॉक. यात हवेच्या दोन खोल्या आहेत. ट्रॅव्हलच्या पहिल्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत दोन्ही खोल्या जोडलेल्या असतात, हवेला जागा भरपूर, म्हणून सस्पेन्शन मऊ चालतं. पुढे बाहेरची खोली बंद होते, उरलेली हवा लहान जागेत झपाट्याने दाबली जाते आणि शॉक तळाला आपटत नाही. शॉकचं माप २१०×५५ हेच नेहमीचं असल्यामुळे जिनी नको असेल तर दुसरा शॉक बसतो. एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी. या पिढीच्या कार्बन फ्रेममध्ये गिअरची केबल आतून नेण्याची सोय नाही, फक्त वायरलेस गिअरच चालतात. आपल्याकडचे केबलचे गिअर काढून त्या फ्रेमवर लावू, असा बेत असेल तर तो जमणार नाही. केबल हवी असेल तर अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घ्यावी.

एपिकचीही वाट याच दिशेने गेली. २०२४ च्या एपिक ८ मध्ये पुढे-मागे १२० मिमी ट्रॅव्हल आहे, हेड अँगल ६६.४ आहे आणि ब्रेन नाही. त्याच्या जागी तीन स्थितींचा साधा शॉक आणि महागड्या आवृत्तीत विजेवर चालणारा. म्हणजे शर्यतीच्या सायकलीने कॅम्बरचं जुनं काम स्वतःकडे घेतलं. ज्यांना निव्वळ वेग हवा त्यांच्यासाठी मागे ७५ मिमीची एपिक वर्ल्ड कप वेगळी आहे, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण तेच काम कमी किमतीत करणारी चिझेल.

एन्ड्युरोने २०१९ पासून डेमोसारखी दुव्यांची रचना घेतली. पुढे-मागे १७० मिमी. चढता येतं, पण उतारासाठीच बनलेली आहे. डेमो मात्र निव्वळ उताराची, चढ जीपने किंवा रोपवेने. बॅटरीच्या लेव्होचा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढंच सांगायला हवं की २०१५ मध्ये ती आल्यावर पुढे तिचीही अशीच फूट झाली : पूर्ण ताकदीची लेव्हो आणि हलक्या मोटारीची लेव्हो एसएल.

नावामागची शेपटं

मॉडेलच्या नावानंतर कॉम्प, एक्स्पर्ट, प्रो आणि एस-वर्क्स असे शब्द येतात. हा किमतीचा जिना आहे. प्रत्येक पायरीवर गिअर, ब्रेक, फोर्क आणि चाकं बदलतात. फ्रेमचं कार्बन मात्र प्रत्येक पायरीवर बदलत नाही. एपिक ८ मध्ये एस-वर्क्सची फ्रेम १२-एम या वरच्या दर्जाच्या कार्बनची आणि बाकी कार्बन फ्रेम ११-एमच्या, पण स्टम्पजंपर १५ मध्ये सगळ्या कार्बन फ्रेम ११-एमच्याच आहेत. म्हणून स्टम्पजंपरमध्ये वरच्या पायरीचे पैसे मुख्यतः सुट्या भागांना पडतात. फोर्क आणि शॉकच्या आतल्या डॅम्परचा (तेलाने हालचाल आवरणाऱ्या भागाचा) फरक चालवताना सगळ्यात आधी कळतो. गिअरमधला फरक त्या मानाने कमी जाणवतो. बजेट मर्यादित असेल तर कार्बनच्या खालच्या पायरीपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची वरची पायरी अनेकदा जास्त समाधान देते.

वापरलेली घेताना

पहिल्यांदा मागचा आस मोजा. जुन्या सायकलींना १३५ मिमीचा क्विक रिलीज, मधल्या काळात १४२×१२ (रुंदी आणि आसाची जाडी, मिमीमध्ये), २०१६ पासून हळूहळू १४८×१२. स्पेशलाइज्डच्या काही फ्रेमवर ‘१४२+’ आहे. त्यांचा मूळ हब (चाकाचा मधला भाग) कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, दोन मिलिमीटर बाहेर ठेवतो. साधं १४२ चं चाक बसतं, पण डिरेलर पुन्हा जुळवावा लागतो. फ्रेमवर यूडीएच हँगर (मागचा डिरेलर टांगायचा प्रमाणित तुकडा) असेल तर पुढे स्रॅमचे थेट फ्रेमला बसणारे गिअर लावता येतात. नसेल तर ते कधीच बसणार नाहीत.

मग सीट धरून मागचं चाक जमिनीवरून हळूच उचला. चाक सुटण्याआधी हाताला ठोका जाणवला तर शॉकचे बुश किंवा दुव्यांची बेअरिंग झिजलेली आहेत. कुठली, ते कळायला एकाने सायकल उचलावी आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावं. हॉर्स्ट लिंकचं बेअरिंग चाकाच्या सगळ्यात जवळ असल्यामुळे चिखल आधी तिथे जातो. सह्याद्रीत किंवा कोकणातल्या तांबड्या मातीत पावसाळाभर चालवलेली सायकल असेल तर हे बेअरिंग बदलावं लागेल असंच धरून चाला. शक्य असेल तर शॉक काढून मागचा भाग हाताने वर-खाली करा. तो लोण्यासारखा सरकला पाहिजे, किरकिर किंवा अडखळ नको. दुव्यांचे बोल्ट बसवताना निळा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) आणि फ्रेमवर छापलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दोन्ही पाळा. अंदाजाने आवळलेला बोल्ट एकतर सुटतो किंवा बेअरिंग चेपतो. धुताना प्रेशर वॉशरचा फवारा सांध्यांवर थेट मारू नका, पाणी सील ओलांडून ग्रीस धुऊन नेतं. लवचिक सीटस्टेच्या फ्रेममध्ये सांधा नाही, पण वाकण्याची जागा उजेडात नीट तपासा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती निव्वळ रंगाची आहे असं गृहीत धरू नका.

२०१२ ते २०१८ दरम्यानच्या अनेक शॉकवर ऑटोसॅगची झडप आहे. शॉकमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरायची, पूर्ण सामानासह सायकलवर बसायचं आणि ती झडप दाबायची. जादा हवा निघून जाते आणि सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो, आपोआप जुळतो. झडप दाबल्यावर हवा थांबता थांबत नसेल तर सील गेलेलं आहे. साध्या शॉकवर सॅग हाताने मोजावा लागतो. दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवा, भिंतीचा आधार घेऊन सावकाश बसा, न हलता उतरा आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजा. ५५ मिमी स्ट्रोकला ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिलिमीटर, ४५ मिमीला साडेतेरा. रिंग यापेक्षा जास्त सरकली तर हवा वाढवा. दरवेळी ५ पीएसआयच वाढवा, आणि प्रत्येक वेळी शॉक दहा-बारा वेळा दाबून मगच पुन्हा मोजा, नाहीतर शॉकच्या आत पिस्टनच्या दोन बाजूंना असलेल्या हवेच्या खोल्यांतला दाब समान झालेला नसतो आणि माप चुकतं.